एकाच दिवशी दोन ठिकाणी हजर

रोहा, कंपनीच्या बसआगारातील बाक, ४ सप्टेंबर

श्रीमत् अखिल-प्रवासी-सामान-वहन-धुरंधर, सरकत्या-पट्ट्याचे-चक्रवर्ती, पेटिका-उत्तोलन-विद्याविशारद, एकोणीस वर्षे विमानाच्या पोटाखाली काढूनही विमानात एकदाही न बसलेले, पेण-रोहा विमानतळ भूसेवा कामगार संघाचे सरचिटणीस (तूर्त निलंबित), रोहा-बाकाधिपती हैबतराव यांजकडून,

शीघ्रकोप-शिरोमणी, विमानकक्ष-संमार्जन-कलानिधी, वीस मिनिटांत एकशेऐंशी-आसन-शुद्धिकारिणी, सांप्रत बंधुगृहनिवासिनी, सौभाग्यवती सरूबाईसाहेब यांच्या चरणी (चरण हा शब्द पूर्ण विचारांती योजला आहे) साष्टांग विज्ञापना ऐसी जे:

आपण माझा क्रमांक आपल्या फोनमधून हद्दपार केल्यास आज एकवीस दिवस झाले. सबब टपालखात्यास शरण जाणे प्राप्त झाले. हे पत्र आज रोह्याच्या पेटीत पडेल, कोठेतरी दूर जाऊन शिक्का खाईल आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा रोह्यालाच येऊन आपले बंधू दत्तात्रेय यांच्या दारात पडेल. लेखक मात्र या क्षणी त्याच दारापासून तीनशे पावलांवर बसला आहे. बाकावरून त्यांच्या गच्चीवरची निळी टाकी दिसते. काल टाकीशेजारी एक पिवळी साडी वाळत होती. पदरावर विमान पुसण्याच्या औषधाचा पांढरा डाग होता, म्हणून ती आपलीच असे अनुमान काढले.

तीनशे पावले मी का चालत नाही, असा प्रश्न आपल्याला पडणार नाही, तरी उत्तर देतो. निलंबनाच्या हुकमात लिहिले आहे: कर्मचाऱ्याने सकाळी नऊ ते सायंकाळी पाच आगारात उपस्थित राहावे, चार वेळा स्वाक्षरी करावी, आवार सोडू नये व कोणतेही काम करू नये. ही चौथी आज्ञा पाळणे सर्वांत कठीण. परवा बसच्या टपावरून एकाची बॅग निसटली, ती मी सवयीने वरच्यावर झेलली. सायंकाळी लेखी ताकीद मिळाली, ‘निलंबनकाळात काम केल्याबद्दल’. पाचनंतर आलो असतो. परंतु गेल्या सोमवारी दत्तात्रेयांनी उंबऱ्यातच हात जोडले. म्हणाले, “भावोजी, ती नाय म्हणते. माझा इलाज नाय.” आतून भांडे आपटल्याचा आवाज आला. तो अभिप्राय मी नोंदवून घेतला आणि पेणची गाडी पकडली.

आता मूळ विषय. आपला राग मला मान्य आहे, कारण मात्र तपासून पाहावे अशी नम्र सूचना आहे. अवसेच्या उधाणाला खाडीच्या बांधाला खांड पडली, खारे पाणी भातात शिरू लागले. अशा वेळी घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, ही गावाची रीत आपल्या आजेसासऱ्यांपासूनची. म्हणून तर आपल्या संघाच्या घटनेत नववे कलम मी स्वतः घातले: बांध फुटल्यास घरटी एका सभासदाने कामावर न जाता बांधावर जावे. त्या दिवशी ज्या अकरा घरांतली नवरा-बायको दोघेही विमानतळावर आहेत, त्यांना प्रश्न पडला की कोणी जायचे. मी निर्णय दिला: बायकांनी. कारण शास्त्रशुद्ध होते. आम्ही सामान चढवणारे गेलो तर विमान उडत नाही; सफाई थोडी कमी झाली तर विमान तरीही उडते.

कंपनीने अकराही जणींना काढून टाकले आणि संघाला विचारले: या तुमच्या सभासद आहेत काय, तुम्ही यांना पाठवले काय? होय म्हटले असते तर विनानोटीस संप ठरला असता, संघाची मान्यता गेली असती. त्याबरोबर आपण झगडून मिळवलेली बसही गेली असती, जिच्यातून आपल्या खारेपाटातल्या गावांतले सात रुग्ण आठवड्यातून दोनदा पनवेलला रक्त शुद्ध करून घ्यायला जातात. म्हणून मी दोन ओळी लिहिल्या: ‘या सभासद नाहीत. संघाने यांना पाठवलेले नाही.’ हा डावपेच होता. त्या ओळींपेक्षा त्या आपल्यासारख्या विदुषीने वाचल्या हे अधिक दुर्दैवी.

संघाच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकाविषयी आपण त्या अकरा जणींपैकी अनिताकडे चौकशी केल्याचे कळले. ते पुराच्या पाण्यात वाहून गेले. नाइलाज आहे.

मातोश्री पुतळीबाई सुखरूप आहेत. रोज सकाळी माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडतात, बाकी प्रकृती उत्तम.

आपला आज्ञांकित,
हैबतराव

रोहा, तोच बाक, ११ सप्टेंबर

बाईसाहेबांच्या सेवेशी,

उत्तर आले नाही. मी त्याचा अर्थ विचाराधीन असा लावतो. सरकारी कचेरीतही तसाच लावतात.

काल चौकशीची पहिली बैठक झाली. चौकशी अधिकारी निशिगंधा मॅडम. वय तिशीच्या आत, बोलणे मृदू, फाइल जाड. आजवर मला वाटत होते की माझ्यावरचा आरोप संप घडवल्याचा असेल. तो तसा नाही. माझ्यावरचा आरोप योगशास्त्रातला आहे. मी एकाच दिवशी दोन ठिकाणी हजर होतो.

मॅडमनी दोन कागद शेजारी-शेजारी मांडले. एक कंपनीच्या अंगठ्याच्या यंत्राचा: हैबतराव, सकाळी सहा ते दुपारी दोन, विमानतळावर. दुसरा आपल्या गावच्या बांधसमितीच्या हजेरीचा, कोणीतरी मोबाइलवर फोटो काढून पाठवलेला: हैबतराव, हजर.

“तुमचा अंगठा कोणी दुसऱ्याने लावला का?” मॅडम.

“अंगठा माझ्याच हाताला आहे.”

“मग बांधावर कोण होतं?”

आपल्याला ठाऊक आहे बांधावर कोण होते. बांधावर हजेरी घराची होते आणि घराला हाक घरधन्याच्या नावाने मारतात. पलीकडून कोणीही ‘हाय’ म्हटले की घर आले. आपण चिखलातून ‘हाय’ म्हणालात आणि लिहिणाऱ्याने हैबतराव लिहिले. आजवर कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मलाही नाही. अकरा घरांची तशीच नोंद आहे, परंतु इतर दहा जणांना सोडून कंपनीने सरचिटणीस निवडला, कारण ढीग उपसायचा तर वरची पेटी आधी काढतात. हे मी कामावरून जाणतो.

मॅडमनी मार्गही सुचवला. म्हणाल्या, “काका, फक्त एवढं लिहा की गावाची यादी चुकीची आहे. केस बंद. सोमवारपासून ड्युटीवर या.”

काका या संबोधनाने मी विरघळलो. खरोखर विरघळलो, कारण अठ्ठावीस दिवस या बाकावर बसून माझ्या अस्थींना त्याचा आकार आला आहे. ‘विचार करतो’ म्हणालो. सव्वीस तारीख मिळाली.

बाहेर आपले अध्यक्ष हरेश वाट पाहत उभे होते. त्यांच्याशी झालेला संवाद शब्दशः देतो, कारण त्यांच्या भाषेत मी ढवळाढवळ करू शकत नाही.

“काय म्हणाली?”

“यादी चुकीची आहे असे लिहा म्हणते.”

“मंग लिव की! हात मोडलेत का तुझे?”

“यादी चुकीची म्हणजे आपल्या घरातून त्या दिवशी बांधावर कोणीच गेले नव्हते असा अर्थ होतो, हरेश.”

“होऊ दे ना! गावात सगल्यांना माहीत हाय कोण गेलतं.”

“कागदाला माहीत नाही. सरू कामावर नव्हती हे कंपनीचा कागद म्हणतो. बांधावर नव्हती हे आता माझा कागद म्हणेल. मग ती होती कुठे?”

“हैबत,” तो म्हणाला, “एकेचाळीस घरं हायत आपल्या मागं. तू तिथं संस्कृत नको बोलूस. दोन वली लिव नि ये.”

हरेश चुकीचा माणूस नाही. त्याच्या घरी दोन मुली शिकतात आणि त्याचा बाप त्या सात रुग्णांपैकी एक आहे. म्हणून मी मान डोलावली. मान डोलावणे हा माझा स्थायीभाव आहे.

अनिता कोलाडला हमरस्त्यावरच्या खानावळीत भाकऱ्या थापते असे कळले. नवरा तिला रोज मोटारसायकलवर सोडतो आणि पुढे आमच्या बसमध्ये बसतो. काल तो माझ्याकडे न पाहता चढला.

माझा विचार साधारण झालेला आहे. दोन ओळी मागे लिहिल्या, दोन आणखी लिहीन. आपण रागावालच, परंतु आपण आधीच रागावलेल्या असल्यामुळे त्यात नवा खर्च नाही.

आपला,
हैबतराव

पेण, घर, १८ सप्टेंबर

सरू,

तुझे उत्तर मिळाले. पाकिटात कागदच नाही म्हणून मी ते उलटेसुलटे करून पाहिले, तेव्हा पाकिटाच्या आतल्या बाजूला ओळ दिसली. ‘पावतीपुस्तक मी स्वता चुलीवर सुकवलं होतं. कुठाय?’

पदव्या आज गाळतो. लिहायला बसलो होतो, पण आई समोर बसली आहे आणि तिच्यासमोर त्या शोभत नाहीत.

पावतीपुस्तक तांदळाच्या पिंपात आहे. तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या दोन ओळी लिहिल्या त्याच संध्याकाळी ठेवले. त्यात अकराही जणींच्या पावत्यांच्या स्थळप्रती माझ्या हस्ताक्षरात आहेत. तुझी त्रेपन्न नंबरची. तू ती फाडून घेताना म्हणाली होतीस, “नवऱ्याला पैसे देऊन त्याचीच पावती घेतलेली मीच पहिली.” सगळ्या बायका हसल्या होत्या. मीही.

आईने तांदूळ काढताना ती पिशवी पाहिली. वाचता येत नाही, पण तिला कळले. तिने विचारले, “ह्यात सरूचा नाव हाय?”

“आहे.”

“आन बांदावरच्या कागदात?”

“तिथे माझे आहे.”

“तू गेलतास?”

“नाही.”

“मंग तुजा कसा?”

मी तिला रीत समजावू लागलो. घराला हाक घरधन्याच्या नावाने. ती माझ्याकडे पाहतच राहिली. रीत तिला मी शिकवत होतो, जिने बांध फोडणारी बावीस उधाणे पाहिली. मग म्हणाली, “तुजा बाप आजारी होता तवा मीच जायची. पाच वर्सं. ती पन त्याच्याच नावावर हायत.” आणि तांदूळ निवडायला घेतले. 

आता दुसरी गोष्ट. ती मी हरेशलाही सांगितलेली नाही. विमान उडणार नाही म्हणून मी गेलो नाही, हे मी सर्वांना सांगितले. तुलाही. तसे नव्हते. आदल्या संध्याकाळी मला कळले होते की दुसऱ्या दिवशी आमचा पर्यवेक्षक रजेवर आहे आणि त्याच्या जागी मी. एक दिवसापुरता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. केशरी जाकिटाऐवजी हिरवे, आणि कमरेला वॉकीटॉकी. पहाटे बसमध्ये तुझा फोन आला, “खांड मोठी हाय, तुम्ही उतरा ना, मी जाते कामाला,” तेव्हा बस अजून पेणजवळच्या जित्यालाच होती. उतरता आले असते. मी म्हणालो, विमान उडणार नाही. नववे कलम सांगितले. त्यातले ‘एका सभासदाने’ हे शब्द मोठ्याने म्हणालो, म्हणजे बसमधल्या सगळ्यांनी ऐकावे आणि आपापल्या बायकांना तसेच सांगावे. त्यांनी सांगितले.

त्या दिवशी सात विमाने मी वॉकीटॉकीवरून सोडली. प्रत्येक वेळी ‘क्लिअर’ म्हणताना आवाज जरा खाली आणत होतो, रुबाबदार वाटावा म्हणून. तेव्हा तू छातीएवढ्या पाण्यात होतीस. अनिता सांगते, मातीची ढेकळे हातोहात येत होती आणि खांडीच्या तोंडाशी तुला उभे केले होते, कारण तू सर्वांत उंच. दुपारी भरती परत फिरली तेव्हा तुला दोघींनी धरून वर काढले आणि तू आधी विचारलेस की भात वाचले का. वाचले. आपले नाही, पण आपल्या पलीकडची चाळीस एकर वाचली. हे मी तुला कधी विचारले नव्हते. अनिताला विचारावे लागले, तेही परवा, खानावळीच्या मागच्या दारात, ती पीठ मळत असताना. आगारातली हजेरी बुडवून गेलो नव्हतो, रविवार होता.

ती म्हणाली, “दादा, कामाचं काय नाय, भाकऱ्या थापतेच आहे. पण सरूवयनी म्हणत होती, मी त्या दिवशी कुठं होते ते मला कागदावर पायजे.”

सव्वीस तारखेला काय करायचे ते मला अजून माहीत नाही. खरे लिहिले तर नोकरी जाते, मागची ओळ खोटी होती म्हणून. संघाची मान्यता जाईल की नाही, कोणी सांगू शकत नाही. हरेशच्या बापाची बस जाईल की नाही, तेही नाही. खोटे लिहिले तर सोमवारी कामावर. दोन्ही बाजूंना दार आहे आणि दोन्ही दारांत मीच उभा आहे, आडवा.

आई दिवा बारीक कर म्हणते.

हैबत

रोहा, बाक, २७ सप्टेंबर

बाईसाहेब,

चौकशीचा वृत्तांत सादर करतो. पदव्या या वेळी माझ्याकडे कमी उरल्या आहेत, त्या ओघात कळतीलच.

मॅडमनी कागद पुढे सरकवला. मजकूर टाइप केलेला होता, फक्त स्वाक्षरीची जागा रिकामी.

“काका, यादीतली नोंद चुकीची आहे. एवढंच.”

“नोंद बरोबर आहे.”

“म्हणजे तुम्ही बांधावर होतात?”

“नाही. माझे घर होते.”

टंकलेखकाने मान वर केली. मॅडमनी चष्मा काढला. “मला व्यक्ती लागेल. घर चालणार नाही.”

“व्यक्तीचे नाव सरू. संघाच्या सभासद, पावती क्रमांक त्रेपन्न. संघाच्या सरचिटणिसाने कलम नऊ अन्वये पाठवल्या. पाठवताना तो स्वतः बसमध्ये बसून होता.” मी पिशवीतून पावतीपुस्तक काढले. त्यातून थोडा कोंडा टेबलावर पडला. मॅडमनी तो बोटाने बाजूला सारला, मग पहिले पान उघडले.

“तुम्हांला कळतंय ना, आधीचं पत्र खोटं होतं असं तुम्ही म्हणताय?”

“ते मीच लिहिले होते. त्यामुळे खोटे होते हे मला प्रथमपासून कळत आहे.”

मग अकरा नावे मी सांगितली. एकेक. ती बायकांच्या नावाने सांगितली, घरधन्यांच्या नव्हे, आणि प्रत्येक नावापुढे ‘बांधावर हजर’ असे लिहून घ्यायला लावले. टंकलेखक दर नावाला विचारी, “आडनाव?” तीन जणींची आडनावे मला ठाऊक नव्हती. जन्मापासून याच गावात राहतो. पावतीपुस्तकात पाहून सांगितली.

शेवटी मॅडम म्हणाल्या, “सर, सही करा.” काकांचे सर झाले, तेव्हाच मी ओळखले.

निकाल असा. दोन ठिकाणी हजर असल्याचा आरोप मागे घेण्यात आला आहे. आता माझ्यावर आरोप आहे तो एकाच ठिकाणी हजर असल्याचा व त्याविषयी खोटे निवेदन केल्याचा. नवे आरोपपत्र, नवी चौकशी, निलंबन पुढील आदेशापर्यंत चालू. म्हणजे बडतर्फीही नाही. मी मनाची तयारी करून घरून डबा न घेता आलो होतो. दुपारी उपाशी राहिलो आणि पाचला सही करून गेलो. आज पुन्हा नऊला आलो आहे. निशिगंधा मॅडम सांगतात, अशा प्रकरणांना कधी कधी दोन-अडीच वर्षे लागतात. बाकाला रंग देणार आहेत, तेवढे दिवस दुसऱ्या बाकावर बसायचे.

हरेशने काल संध्याकाळी पेणच्या कार्यालयात सभा घेऊन मला सरचिटणीसपदावरून दूर केले. ठराव सर्वानुमते झाला. सर्वांत मीही होतो, कारण हात वर करायला सांगितले तेव्हा सवयीने केला. नंतर तो मला बाहेर गाठून म्हणाला, “तू नालायक हायस. नि माझी हिंमत नसती झाली.” संघाची मान्यता काढल्याचे पत्र आलेले नाही, न काढल्याचेही नाही. रुग्णांची बस या आठवड्यात दोन्ही वेळा गेली. पुढच्या आठवड्याचे कोणी बोलत नाही.

माझ्या जबाबाची शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे. अनितालाही एक दिली. तुम्ही अकरा जणींनी ती कामगार अधिकाऱ्यांकडे लावायची आहे. तारीख नऊ ऑक्टोबर, अनिताला ठाऊक आहे. पहिल्या पानावर चौथ्या ओळीत तुझे नाव आहे. त्यापुढे तू कुठे होतीस ते लिहिले आहे. खाडीचा बांध, सकाळी सात ते दुपारी तीन. वेळ मी अनिताकडून घेतली. चुकली असेल तर खोडून सही कर.

परत ये असे या पत्रात लिहिणार नाही. जबाबाच्या जोडीला ते जोडले तर जबाब विकल्यासारखा होईल.

तथापि एक क्षुल्लक परंतु तातडीची बाब निदर्शनास आणणे भाग आहे. आपल्या घरची गॅसजोडणी आपल्या नावे असून सिलिंडर देताना रघू जो चार आकड्यांचा अंक मागतो, तो आपल्या फोनवर येतो. आजवर रघू दोनदा सिलिंडर दारापर्यंत आणून परत घेऊन गेला. मी त्यास सांगितले की अंक रोह्यास आहे. तो म्हणाला, फोन करा. माझा क्रमांक हद्दपार असल्याचे मी त्यास सांगितले नाही. अंक पत्राने मागवावा तर तो त्या दिवसापुरताच चालतो आणि टपाल चौथ्या दिवशी पोचते. नंबर बदलून घ्यावा तर एजन्सीत जोडणीधारकाने किंवा घरधन्याने नऊ ते पाच या वेळेत जातीने यावे लागते, आणि नऊ ते पाच मी कुठे असतो हे आता दोन आरोपपत्रांत नमूद आहे. मातोश्री पाच दिवस मागच्या पडवीत ओल्या लाकडांवर स्वयंपाक करीत आहेत. धुरामुळे खोकतात, आणि दोन खोकल्यांच्या मधल्या अवकाशात माझा उद्धार करतात. रघू बुधवारी तिसऱ्यांदा येणार आहे. तो म्हणतो, तिसऱ्यांदा परत नेला की नोंदणी आपोआप रद्द होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मी त्यास विचारले, यावर काही उपाय? तो म्हणाला, “बाईंना विचारा.”

हैबतराव